गोळीच तर आहे!

"गोळीच तर आहे!" कॅन्सर झालेल्या घरात बाहेरून जी वाक्यं येऊन पडतात, त्यांत सर्वांत घातक हे. "आमच्या ओळखीत एकाने काढा घेतला आणि गाठ विरघळली" याहूनही घातक. काढेवाल्याची निदान चीड येते. हे वाक्य ऐकून माणूस निर्धास्त होतो. शिरेतून केमो द्यायची म्हटली की अख्खं घर रजा टाकतं, डबे भरतं, देव पाण्यात ठेवतं. तेच औषध पट्टीत बंद होऊन आलं की टीव्हीखालच्या खणात, बीपीच्या गोळ्या, क्रोसिन आणि संपलेल्या सेलच्या शेजारी जाऊन पडतं. हे वाक्य म्हणणारे सगळे मला भेटलेत: ओपीडीतला घाईतला ज्युनिअर डॉक्टर, औषधाच्या दुकानातला पोऱ्या, सोसायटीतल्या हितचिंतक मावश्या, गावाहून फोनवर सल्ला देणारे सख्खे नातेवाईक. त्यांच्यापैकी एकालाही त्या गोळ्या स्वतःच्या हाताने काढून कुणाला द्यायच्या नव्हत्या. त्या मी देते.

मी नालासोपारा पूर्वेला राहते. थोरली बहीण माझ्याकडे असते, तिची केमो तोंडाने चालू आहे. तेव्हा जे लिहिते आहे ते वाचून नव्हे, भोगून लिहिते आहे. वाचलंही आहे, कारण सांगणारं कुणी नव्हतं.

एक गोष्ट आधी मोकळेपणाने मान्य करते. तोंडाने घ्यायची केमो ही सोयच आहे. नालासोपाऱ्याहून मुंबईचं इस्पितळ म्हणजे काय, हे ज्याने विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये आजारी माणसाला चढवलंय त्यालाच ठाऊक. कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, पण त्या डब्यातही आधीपासून धडधाकट लोक बसलेले असतात. घोडं मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने, अशी गत. गोळीने तो हेलपाटा कमी केला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की त्या सोयीच्या आडून नर्सचं, फार्मासिस्टचं आणि इस्पितळाचा कचरा हाताळणाऱ्याचं काम, न सांगता, न शिकवता, घरातल्या बाईच्या पदरात टाकलं गेलं. आणि टाकणाऱ्या प्रत्येकाने हात झटकले.

इस्पितळात बघा. नर्स हातमोजे घालते, गाऊन चढवते. डोस दोघं तपासतात, रुग्णाचं नाव दोनदा विचारतात. उरलेलं औषध पिवळ्या पिशवीत जातं आणि जाळण्यासाठी वेगळं निघतं. एवढं करूनही चुका होतात. १९९४ साली बोस्टनच्या डाना-फार्बर या नामांकित कॅन्सर संस्थेत बेट्सी लेहमन नावाच्या बाईला चार दिवसांत मिळून द्यायचा डोस रोज दिला गेला आणि त्यात ती गेली. ती स्वतः 'बोस्टन ग्लोब'मध्ये आरोग्यावर सदर लिहायची. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स, इतक्या शिकलेल्या नजरांखालून ती चूक निसटली. त्याच जातीची औषधं आपण इथे नालासोपाऱ्यात, आचोळ्यातल्या, संतोष भुवनातल्या वन रूम किचनमध्ये आणतो. तिथे दिवे गेलेले असतात, कुकरच्या शिट्या चालू असतात, आणि तपासणारी दुसरी नजर म्हणजे दहावीतला पोरगा. मग म्हणतात, काळजी घ्या हं!

आमच्याच इमारतीतले एक काका. जिभेचा कॅन्सर. त्यांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब अशी दोन औषधं दिली होती. हा उपचार कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तो शिरेतल्या सिस्प्लॅटिनशी ताडून पाहिला. शेवटच्या टप्प्यातल्या, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये गोळ्यांवरचे रुग्ण सरासरी साडेसात महिने जगले, सलाइनवरचे सहा महिन्यांच्या थोडं पुढे. हा अभ्यास २०२० मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. तंबाखूने पोखरलेल्या गरीब माणसांसाठी स्वस्तातला, घरी बसून घेता येणारा इलाज मुंबईत सिद्ध झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यात एक खाच आहे. सेलेकॉक्सिब रोज दोनदा घ्यायची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दोन्ही एकाच कागदावर, एकाच पिशवीत, एकाच तोंडात.

काकूंनी मला पिशवी दाखवली ती "यातली जेवणाआधीची कुठली?" एवढं विचारायला. मी पट्ट्या बघितल्या. मेथोट्रेक्सेटच्या पट्टीतली सोमवारची जागा रिकामी होती, ती बरोबर होती. पण मंगळवारच्या गोळ्याही वाटीत काढून ठेवलेल्या होत्या. "रोजच्याच ना?" काकू म्हणाल्या. कागदावर आठवड्यातून एकदा असं लिहिलेलं होतं, इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम काढला होता. तो नियम या कागदाच्या वाटेला आलाच नव्हता. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. चूक त्यांची? मुळीच नाही.

मेथोट्रेक्सेट रोज घेतली तर काय होतं, ते डॉक्टरमंडळींना पक्कं ठाऊक आहे. तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, ताप येतो, माणूस दगावतो. जगभर अशी माणसं दगावली आहेत, आणि त्यांत कॅन्सर नसलेलीही आहेत, कारण हीच गोळी संधिवाताला आणि सोरायसिसलाही आठवड्यातून एकदा देतात. उतारा आहे, ल्युकोव्होरिन नावाचा, पण तो वेळेत मिळाला तर. आणि ज्याच्या जिभेलाच कॅन्सर आहे त्याच्या तोंडातले फोड बघून घरचे काय म्हणणार? "आजारच वाढला हो." संशय गोळीवर जाणारच नाही.

यातली दैवगती बघा. मेथोट्रेक्सेट फॉलिक ॲसिडच्या कामात खोडा घालून पेशींची वाढ रोखतं. फॉलिक ॲसिडचा माग लागला तोही परळमध्येच. १९२८ पासूनच्या काही वर्षांत लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत बसून मुंबईच्या गरीब, गरोदर बायकांचा पांडुरोग अभ्यासत होती. यीस्टपासून बनलेल्या मार्माइटने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये छापलं. त्यात जे काही होतं, तेच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. म्हणजे औषधाचं मूळही परळचं, औषधाचा नवा वापरही परळचा. पण ती गोळी परळहून नालासोपाऱ्याला येईपर्यंत "सोमवारीच घ्या, दुसऱ्या कुठल्याही वारी नाही" एवढं एक वाक्य तिच्याबरोबर येऊ शकत नाही! संशोधन सगळं झालं, राहिलं ते एका ओळीच्या मराठीपायी.

माझ्या ताईची गोळी वेगळी, कॅपेसिटाबिन. चौदा दिवस घ्यायची, सात दिवस थांबायचं. सकाळी तीन, रात्री तीन, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. तिला एका पाळीला लागतात ८४ गोळ्या. पट्टी येते दहाची, म्हणून दुकानदार देतो नऊ पट्ट्या, म्हणजे ९०. उरल्या सहा. आता आपल्याकडे औषधाची पट्टी अर्धवट ठेवायची म्हणजे पाप. "कोर्स पुरा कर" हे लहानपणापासून ऐकलेलं. पंधराव्या दिवशी त्या सहा गोळ्या खणातून डोळे वटारून बघत असतात. ज्या सात दिवसांत शरीर सावरायचं असतं, त्यात एक दिवस विषाचा वाढतो. हे कुणी सांगितलं? पट्टीने नाही, दुकानदाराने नाही, आणि ओपीडीत "नेक्स्ट" म्हणणाऱ्या डॉक्टरने तर मुळीच नाही. मी त्या सहा गोळ्या वेगळ्या पाकिटात, मूळ पट्टीतच ठेवते आणि पुढच्या खेपेला दुकानात मोजून सहा कमी मागते. दुकानदार कुरकुरतो. त्याची कुरकुर मी ऐकून घेते. ताईचे जुलाब मला ऐकून घ्यायचे नाहीत.

जुलाब हा शब्द आला, तर तेही सांगते. या औषधाने जुलाब होतात. रोजच्यापेक्षा चारेक वेळा जास्त जावं लागलं, की गोळी थांबवायची आणि इस्पितळाला फोन करायचा. आमच्याकडे काय होतं? डाळिंबाच्या सालीचा काढा होतो, दहीभात होतो, आणि गोळी मात्र "खंड नको पडायला" म्हणून निष्ठेने चालू राहते. निष्ठा कुठे दाखवावी याचा पोच नाही. उलटी झाली की "गोळी पडली असेल" म्हणून दुसरी देतात. सकाळचा डोस चुकला की रात्री दुप्पट. हे तिन्ही प्रकार धोक्याचे आहेत. चुकली ती चुकली, पडली ती पडली. पुढची गोळी ठरल्या वेळीच, आणि शंका असेल तर आधी फोन.

याच गोळीने हाताचे तळवे लाल होतात, सोलतात, बोटांचे ठसे पुसट होत जातात. २००८ च्या डिसेंबरात सिंगापूरहून अमेरिकेला गेलेल्या एका रुग्णाला बोटांना ठसेच नाहीत म्हणून विमानतळावर काही तास अडकवलं होतं. पुढच्या वर्षी त्याच्या डॉक्टरांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आपल्याकडच्या बाईला अमेरिकेला जायचं नसतं, तिला रेशनच्या दुकानात जायचं असतं. तिथे मशीन अंगठा ओळखत नाही आणि मशीनमागचा माणूस तिच्याकडे चोरट्यासारखं बघतो. डोळ्यांचा किंवा ओटीपीचा पर्याय असतो, तो ठणकावून मागावा लागतो. ताईला मी गोळी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं पत्र घ्यायला लावलं. हे पत्र इस्पितळाने न मागता द्यायला हवं. देतं कोण?

आता औषधाच्या दुकानाकडे वळू. आपल्या देशात फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नावाचा नियम आहे. त्यात लिहिलंय की नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः होऊन रुग्णाशी किंवा त्याच्या माणसाशी बोललं पाहिजे. औषधाचं नाव काय, किती घ्यायचं, किती दिवस, कशासाठी, कोणती खबरदारी, कोणता त्रास होऊ शकतो, कुठे ठेवायचं, डोस चुकला तर काय करायचं, हे सगळं त्याने सांगायचं आहे. वाचून मला हसू आवरेना. आमच्याकडे काउंटरवर जो उभा असतो, तो "कॅश की जीपे?" याच्यापलीकडे कधी काही विचारत नाही. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये असतं. फोटोतला माणूस मी तिथे कधी पाहिलेला नाही. एकदा विचारलं, "हे साहेब कुठे असतात?" तर म्हणाला, "जेवायला गेलेत." संध्याकाळी साडेसहाला!

महेश झगडे २०११ ते २०१४ या काळात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. दुकानात फार्मासिस्ट हवाच, असा आग्रह त्यांनी धरला, कारवाया केल्या. केमिस्टांनी काय केलं? दुकानं बंद ठेवली. पुढे साहेबांची बदली झाली, आणि फ्रेम पुन्हा भिंतीवर गेली. मी दुकानदारांना दोष देते तसा आपल्यालाही देते. फार्मासिस्ट नाही म्हणून आपण कधी दुकान बदललं? दहा टक्के डिस्काउंट नाही म्हणून मात्र लगेच बदलतो.

किमतीच्या लढाया आपण लढलो आणि जिंकलोही. २०१२ च्या मार्चमध्ये सोराफेनिब या कॅन्सरच्या गोळीसाठी देशातलं पहिलं सक्तीचं लायसन्स नॅटको कंपनीला मिळालं. महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांच्या घरातलं औषध आठ हजार आठशेवर आलं. २०१३ च्या १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या पेटंटवरून नोव्हार्टिसला नकार दिला. २०१९ मध्ये सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा तीस टक्क्यांवर बांधला. हे सगळं झालं म्हणून आज ही गोळी आमच्यासारख्यांच्या खणात येऊ शकते. पण औषध स्वस्त करून वाटायचं आणि ते कसं घ्यायचं हे सांगायला मात्र कुणी ठेवायचं नाही, हा अर्धाच न्याय झाला. एक गोळी जेवल्यावरच घ्यायची, दुसरी उपाशीपोटीच. प्रोस्टेटच्या कॅन्सरची ॲबिराटेरोन भरल्या पोटी घेतली तर रक्तात ती कित्येक पटींनी, तुपकट जेवणावर तर दहापटीपर्यंत वाढते. एर्लोटिनिबबरोबर ॲसिडिटीची गोळी घेतली तर औषध नीट शोषलंच जात नाही. आणि ॲसिडिटीची गोळी तर आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रापुरती लिहिलेलीच असते. ही माहिती कुठे असते? पाकिटातल्या घडीच्या कागदावर, मुंगीएवढ्या इंग्रजीत.

लोकांना त्यांच्या भाषेत सांगायची रीत इथे जुनी आहे. नालासोपाऱ्यातलं आमचं सोपारं एकेकाळी शूर्पारक म्हणून मोठं बंदर होतं. इथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्याचा. त्या नवव्या लेखात राजा सांगतो, की लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यांतून फारसं फळ मिळत नाही. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या सम्राटाला एवढी अक्कल होती, की सोपाऱ्याच्या माणसाला काही सांगायचं तर ते त्याला समजणाऱ्या प्राकृतात सांगावं, दगडावर कोरावं आणि रस्त्यात उभं करावं. आजच्या औषध कंपनीला, इस्पितळाला आणि सरकारला मराठीत किंवा हिंदीत एक पान छापून देणं जमत नाही. आणि लेखातली दुसरी गोष्ट, ती आपल्यासाठी. आजारपणातले निष्फळ विधी आपण अजून सोडलेले नाहीत.

आपण काय काय करतो ते बघा. ताईच्या शेजारी राहून गेलेल्या एक बाई चतुर्थी सोडायला तयार नव्हत्या; जेवणानंतरची गोळी त्यांनी साबुदाण्याच्या दोन घासांवर गिळली. एकीने गुळवेल सुरू केली, डॉक्टरला न सांगता, कारण "नैसर्गिक आहे". धोतराही नैसर्गिक आहे. जिभेच्या रुग्णाला गिळता येत नाही, म्हणून मी एका घरात कॅन्सरची गोळी खलबत्त्यात कुटताना पाहिली आहे. त्याच खलबत्त्यात नंतर आलं-लसूण. पांढरी धूळ ओट्यावर बसलेली, आणि शेजारी दीड वर्षाचं पोर. कुणी म्हणालं नाही, की ही गोळी कुटायची नसते, तोडायची नसते, कॅप्सूल उघडायची नसते. ती धूळ श्वासात आणि कातडीवर जाते. गिळता येत नसेल, नाकात नळी असेल, तर इस्पितळाला विचारायचं. काही औषधांना दुसरा मार्ग असतो, काहींना नसतो, आणि ते ठरवायचा हक्क खलबत्त्याला नाही.

आणि गोळ्या काढून देते कोण? बहुतेक घरात सून. ती कधी दोन जिवांची असते, कधी अंगावर पाजत असते. वाढत्या पेशी मारायला बनवलेलं औषध वाढत्या गर्भाला का सोडेल? गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने या गोळ्यांना हात लावायचा नाही, हा नियम आहे. इतरांनीही नुसत्या हाताने लावू नये. एकदाच वापरायचे हातमोजे घालावेत, किंवा गोळी पट्टीतून सरळ छोट्या वाटीत पाडावी, वाटीतून रुग्णाच्या हातावर. ती वाटी वेगळी, तिच्यात मग लोणचं नाही. नंतर साबणाने हात. आठवड्याच्या खणांच्या डबीत या गोळ्या बीपीच्या गोळ्यांबरोबर टाकायच्या नाहीत. स्वयंपाकघरात नको, मोरीजवळ नको, आणि सांगितल्याशिवाय फ्रिजमध्येही नको. हे सगळं सांगायला इस्पितळाला किती वेळ लागेल? पाच मिनिटं. ती पाच मिनिटं कुणाकडे नाहीत, आणि निस्तरायला मात्र आमच्याकडे अख्खं आयुष्य आहे.

सूचना जिथे मिळतात तिथे त्या कुणासाठी लिहिलेल्या असतात, तेही गमतीचं आहे. "डोसनंतर ४८ तास संडासचं झाकण लावून दोनदा फ्लश करा." झाकण! नालासोपारा पूर्वेच्या चाळींतले सार्वजनिक संडास या लेखकाने बघितलेत? पाणी एक दिवसाआड येतं, ड्रम भरून ठेवतो, टँकरला पैसे मोजतो, आणि हा म्हणतो दोनदा फ्लश. सूचना चुकीची नाही. रुग्णाच्या लघवीतून, उलटीतून औषध बाहेर पडतं, हे खरं आहे. पण आमच्या घराप्रमाणे सांगा ना. बसूनच जा, पाणी हळू ओता म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत, भरपूर ओता, उलटीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. रोज गोळी असेल तर ४८ तास कधी संपतच नाहीत, हेही सांगा. एवढं सांगायला परदेशी पुस्तिकेची नक्कल लागत नाही, डोळे उघडे लागतात.

उरलेल्या गोळ्यांचं काय? डोस बदलला, औषध बदललं, किंवा माणूस गेला. हेही बोललं पाहिजे. माणूस गेल्यावर घरात पट्ट्या उरतात, आणि पुष्कळदा त्या कचऱ्याच्या डब्यात किंवा संडासात जातात. दोन्ही नको. २०१६ च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं, की घरातली मुदत संपलेली औषधं हा घातक घरगुती कचरा आहे, आणि महापालिकेने दर वीस चौरस किलोमीटरमागे तो जमा करायचं एक केंद्र उभारायचं. वसई-विरार महापालिका २००९ सालची. तिच्या हद्दीत असं केंद्र मी हुडकून पाहिलं; ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी सोपाऱ्याच्या बंदरात जहाज कधी लागतं ते विचारतेय. सगळं जातं गोखिवऱ्याच्या कचऱ्याच्या डोंगरावर. तिथे उघड्या हाताने कचरा वेचणाऱ्या पोरांच्या आरोग्याचा विचार करायला आपल्याला सवड कुठली! केरळात कोझिकोडला २०२५ मध्ये घरोघरची उरलेली औषधं परत घ्यायची योजना सुरू झाली. तिथे जमतं ते इथे न जमायला आपण काही मंगळावर राहत नाही. तोवर माझं धोरण सोपं: उरलेली गोळी मूळ पट्टीतच, बंद पिशवीत, परत इस्पितळाच्या फार्मसीत नेऊन ठेवायची आणि घेत नाही म्हणाले तर लेखी मागायचं. लेखी म्हटलं की बरेचदा घेतात.

सर्वांत जिवावरची गोष्ट शेवटी. ताप. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे तातडीचं दुखणं. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असू शकतात, आणि मग प्रत्येक तास मोलाचा. आणि आपण काय करतो? आधी क्रोसिन देतो, म्हणजे ताप झाकला जातो. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेतो. नालासोपाऱ्यात त्या पाटीमागचा माणूस खराच डॉक्टर आहे की नाही, हीही एक चौकशीच. बोगस डॉक्टर पकडल्याच्या बातम्या इथे नव्या नाहीत. तो "व्हायरल आहे" म्हणून एक सुई टोचतो. दुखण्याची एखादी गोळीही देतो, जी मेथोट्रेक्सेटबरोबर चालत नाही, किंवा सल्फाची अँटिबायोटिक, जी तर तिच्याबरोबर अजिबातच चालत नाही. त्याला दोष कसा द्यावा? त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, की या बाईची केमो चालू आहे. घरचे लपवतात. सोसायटीत कळायला नको, धाकटीच्या लग्नात अडचण नको. अब्रू वाचते, माणूस जातो.

म्हणून घरात थर्मामीटर असलाच पाहिजे. रुग्णाच्या पाकिटात एक कार्ड हवं: कोणती केमो, कितवा दिवस, इस्पितळाचा फोन, आणि "तोंडाने केमो चालू आहे" हे मोठ्या अक्षरांत. रात्री दोन वाजता कुठल्या इस्पितळात जायचं, गाडी कोण आणणार, हे दुपारी शांतपणे ठरवून ठेवायचं. आणि पावसाळ्याचंही ठरवायचं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर इतकं पाणी होतं, की लोकल बंद पडल्या होत्या. गोळ्या संपायला आलेल्या असताना आकाशाकडे बघत बसायचं नसतं. औषध आधी आणून ठेवा. पण नवी पाळी मात्र रक्ताचा रिपोर्ट आणि डॉक्टरचा होकार आल्याशिवाय सुरू करू नका.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. कॅन्सरची गोळी देणाऱ्या प्रत्येक इस्पितळाने मराठीत आणि हिंदीत एक पान द्यावं: कोणत्या वारी, किती, जेवणाआधी की नंतर, कधी थांबायचं, कुणाला फोन करायचा. तो फोन उचलणारं माणूस असावं, "सर्व मार्ग व्यस्त" नव्हे. फार्मासिस्टने फ्रेममधून खाली उतरून काउंटरवर उभं राहावं. नियम झाला त्याला दहा वर्षं उलटली. आणि महापालिकेने निवडणुकीच्या फ्लेक्सच्या खर्चातून उरलं तर एक डबा ठेवावा, औषधं टाकायला.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या घरात ही गोळी आली असेल, तर काउंटरवरून हलू नका. वार विचारा, तारीख विचारा, जेवण विचारा, चुकली तर काय ते विचारा, कुणी हात लावायचा नाही ते विचारा, ताप आला तर कुठे जायचं ते विचारा. पट्टीवर मराठीत लिहून घ्या, आणि लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवायला लावा. मागची रांग ओरडेल. ओरडू दे.